वजनाचं ऑपरेशन करून घरी आल्यावर खायचं काय? भात-भाकरीच्या घरातल्या माणसांसाठी माहिती

भिवंडी (ग्रामीण वार्ताहर) : पोट छोटं करून वजन उतरवायचं ऑपरेशन म्हणजे नेत्यांचं आणि सिनेमावाल्यांचं काम, असं आपल्याकडं बरेच दिवस समजत होते. नितीन गडकरी यांनी २०११ साली हे ऑपरेशन करून घेतलं तेव्हा पेपरात बातम्या आल्या होत्या, त्या वाचून लोक गंमत करत. आता मात्र ओळखीपाळखीत एखादा तरी ऑपरेशन झालेला निघतो. यूट्यूबवर ऑपरेशनची माहितीही ढीगभर मिळते. पण टाके सुकून माणूस घरी आला की पुढं काय, हे सांगणारे व्हिडिओ बघितले तर त्यात ब्रोकोली नाहीतर ॲव्होकॅडो. आपल्या घरात रोज शिजतो भात, तांदळाची भाकरी, मासळीचं कालवण नाहीतर डाळ. त्यातलं काय चालतं, काय नाही, हे कोणी सांगत नाही.

हा लेख लिहायचं कारण घरचंच आहे. माझ्या नात्यातल्या एका वहिनींचं हे ऑपरेशन दोन वर्षांपूर्वी झालं. वजन ११८ किलो, शुगर, दोन्ही गुडघे गेलेले. ऑपरेशन चांगलं झालं, पण त्यानंतर महिनाभराच्या आत आमच्याच अडाणीपणानं त्या जिवावरच्या दुखण्यातून गेल्या. ते पुढं सांगतो. त्यांना विचारूनच लिहितोय, नाव घालू नको म्हणाल्या आहेत.

आधी एक गोष्ट बोलली पाहिजे. आपल्या भागात वजन वाढायला नुसतं खाणं कारण नाही. भाताची लावणी, कापणी, झोडणी, गवताचे भारे, खाडीकडच्या गावांत मिठागरं, यात जी अंगमेहनत जात होती ती गेली. शेतावर गोदामं उभी राहिली, भाडं बसल्या जागी येतं. जेवण मात्र मेहनतीच्या दिवसांतलंच राहिलं. आजा चार भाकऱ्या खाऊन दिवसभर चिखलात उभा राहायचा, नातू त्याच चार भाकऱ्या खाऊन गोदामाच्या गेटवर खुर्चीत बसतो. मी स्वतः अजून शेती करतो, तरी ट्रॅक्टर आल्यापासून माझाही पट्टा दोन भोकं पुढं गेलाय. म्हणून ऑपरेशन करणाऱ्याला "खादाड" म्हणायच्या आधी आपण सगळ्यांनी स्वतःकडं बघावं.

ऑपरेशनात नक्की काय करतात

पोटावर चार-पाच बारीक छिद्रं पाडून दुर्बिणीनं हे काम होतं. दोन प्रकार जास्त चालतात. पहिल्यात जठराचा मोठा भाग, साधारण पाऊण ते ऐंशी टक्के, कापून काढून टाकतात. उरते ती केळ्याच्या आकाराची नळी. याला स्लीव्ह म्हणतात. दुसऱ्यात जठराच्या वरच्या टोकाला छोटीशी पिशवी करतात, चहाच्या कटिंगच्या निम्मीही नसेल एवढी, आणि ती पुढच्या आतड्याला जोडतात. याला बायपास म्हणतात. हृदयाच्या बायपासशी याचा काही संबंध नाही, गावात हा घोळ नेहमी होतो.

चरबी काढून टाकण्याचं ऑपरेशन वेगळं, हे वेगळं. यात चरबीला हातच लावत नाहीत. जठर लहान झाल्यानं थोडक्यात पोट भरतं, आणि भूक लागल्याचा निरोप मेंदूला देणारं एक संप्रेरक जठराच्या कापलेल्या भागात जास्त बनतं, तेही कमी होतं. म्हणून पहिले काही महिने भूक लागतच नाही. लोकांना हे वरदान वाटतं. ते अर्धंच खरं आहे, कारण भूक नसली तरी अंगाला अन्न लागतंच.

आणखी एक प्रश्न हमखास येतो, "ती इजिप्तची बाई मेली ना?" इमान अहमद नावाच्या त्या बाई. साधारण पाचशे किलो वजन होतं म्हणून २०१७ मध्ये विमानानं मुंबईत आणलं, सैफी रुग्णालयात मार्चमध्ये ऑपरेशन झालं. पुढं त्यांना अबुधाबीला हलवलं आणि सप्टेंबर २०१७ मध्ये त्या तिथं वारल्या. हृदय आणि मूत्रपिंडाचे जुने आजार हे कारण तिथल्या रुग्णालयानं सांगितलं होतं. त्यांची गोष्ट आणि आपल्या शंभर-सव्वाशे किलोच्या माणसाची गोष्ट एक नाही. अनुभवी ठिकाणी या ऑपरेशनात दगावण्याचं प्रमाण हजारात एक-दोनच्या आसपास असतं. अगदी शून्य नाही, पण लोक घाबरतात तेवढंही नाही.

पहिले दोन महिने

प्रत्येक रुग्णालयाचा कागद थोडा वेगळा असतो आणि पाळायचा तो आपल्याच डॉक्टरांचा. पण पायऱ्या साधारण सारख्याच. आधी काही दिवस नुसतं पातळ आणि गाळलेलं: पाणी, गाळलेलं डाळीचं वरचं पाणी, शहाळ्याचं पाणी, गाळलेलं चिकन सूप. मग दुसऱ्या आठवड्यापर्यंत दूध, ताक, प्रोटीन पावडर घातलेलं पातळ. त्यानंतर दोन-तीन आठवडे मिक्सरमधून काढलेलं, बाळाला भरवतो तसं: घोटलेली मूगडाळ, दही, मऊ उकडलेलं अंडं कुस्करून. मग मऊ पदार्थ: काटा काढलेली मासळी, पनीर, मऊ शिजवलेली दुधी-भोपळ्याची भाजी. दीड-दोन महिन्यांनी हळूहळू घरचं जेवण.

या पायऱ्या उगाच नाहीत. जठर कापून जिथं पिन मारलेल्या असतात ती जखम आतून भरायची असते. दहाव्या दिवशी बरं वाटलं म्हणून कोणी भाकरीचा तुकडा खाल्ला तर त्या जागेवर ताण येतो. तिथून गळती सुरू झाली तर पोटात विष पसरतं. ताप, थांबत नाही अशी पोटदुखी, डाव्या खांद्यात कळ, छातीत धडधड, दम लागणं, यातलं काहीही पहिल्या महिन्यात झालं तर गावातल्या दवाखान्यात सुई घेऊन वाट बघायची नाही, ऑपरेशन केलेल्या रुग्णालयात थेट जायचं. एका पायाची पोटरी सुजली, दुखायला लागली तरी तसंच. पायातली रक्ताची गुठळी छातीत जाऊ शकते. म्हणून तर दुसऱ्या दिवसापासून चालायला लावतात.

वहिनींचं काय झालं

वहिनी घरी आल्या तेव्हा सगळं ठीक होतं. तिसऱ्या आठवड्यात सासूबाईंना बघवेना. सून दोन चमचे डाळीवर जगतेय म्हणून त्यांनी मायेनं पेज द्यायला सुरुवात केली, मग मऊ भात. वाटीभर संपव म्हणून आग्रह. वहिनींना उलट्या सुरू झाल्या. रोज चार-पाच वेळा. घरात सगळ्यांनी समजूत करून घेतली की ऑपरेशन झालंय, उलट्या व्हायच्याच. त्यात विटामिनच्या गोळ्या गिळायला त्रास होतो म्हणून त्या बंद केल्या. असे पंधरा-सोळा दिवस गेले.

मग पायांना मुंग्या यायला लागल्या. चालताना झोक जायला लागला. एक दिवस म्हणाल्या, मला सगळं दोन-दोन दिसतंय. आम्ही गावाकडच्या डॉक्टरांकडं नेलं. अशक्तपणा आहे म्हणून ग्लुकोजचं सलाईन लावलं. अंगात ताकद यायच्या ऐवजी संध्याकाळी त्या बरळायला लागल्या, घरच्यांची नावं चुकायला लागल्या. रात्री गाडी काढली आणि खड्ड्यांतून ऑपरेशनच्या रुग्णालयात पोचलो. तिथल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "उलट्या किती दिवस?" आणि लगेच शिरेतून बी-१ चं इंजेक्शन सुरू केलं. दोन दिवसांत डोळे ठिकाणावर आले. पायातल्या मुंग्या जायला मात्र चार महिने गेले.

यातलं शास्त्र प्रत्येक घरात माहीत असायला पाहिजे. बी-१ हे जीवनसत्त्व शरीरात साठवून ठेवता येत नाही, दोन-तीन आठवडे पुरेल एवढाच साठा असतो. ते अन्नातूनच यावं लागतं. सततच्या उलट्या झाल्या की साठा संपतो आणि मग मेंदू आणि नसा मार खातात. शरीराला साखर जाळायला बी-१ लागतं. ते नसताना ग्लुकोज चढवलं तर उरलंसुरलं बी-१ त्यात खर्च होतं आणि त्रास एकदम वाढतो. म्हणून वजनाचं ऑपरेशन झालेल्या, उलट्या चालू असलेल्या माणसाला ग्लुकोज लावायच्या आधी बी-१ द्यायचं असतं. हे डॉक्टरांना सांगायला लाजू नका. त्या गावातल्या डॉक्टरांचा मी दोष धरत नाही. ऑपरेशन कसलं झालंय हे आम्हीच नीट सांगितलं नव्हतं, "पोटाचं ऑपरेशन झालंय" एवढंच म्हणालो होतो.

आणि गंमत बघा, बी-१ कमी पडून होणारा बेरीबेरी हा रोग मुळात पांढऱ्याशुभ्र पॉलिश तांदळावर जगणाऱ्या लोकांचा. तांदळाचा कोंडा गिरणीत गेला की बी-१ ही गेलं. आपण कोंडा म्हशीला घालतो आणि पांढरा भात आजारी माणसाला. पेज हलकी असते हे खरं, पण अशा माणसाला ताकद येईल असं तिच्यात फारसं काही नसतं.

तेव्हा लक्षात ठेवायचं ते एवढंच: या ऑपरेशननंतर दोन दिवसांच्या वर उलट्या थांबल्या नाहीत, पाणीही टिकत नसेल, तर ते "होतंच" म्हणून सोडायचं नाही.

घास, पाणी आणि पाव

आपली जेवायची सवयच मुळात घाईची. कापणीच्या दिवसांत पंधरा मिनिटांत जेवण उरकायचं, सुका घास अडकला की वर पाणी. ऑपरेशननंतर हे दोन्ही सोडावं लागतं. घास नखाएवढा, वीस-पंचवीस वेळा चावून, तोंडात त्याचं पाणी झालं की गिळायचा. एक छोटी वाटी जेवायला अर्धा तास. वहिनी चहाच्या चमच्यानं जेवतात आणि स्टीलच्या मोठ्या ताटाऐवजी नातवाची ताटली घेतात. ताट मोठं असलं की वाढणाऱ्याचा हात मोठा होतो, हे त्यांचं म्हणणं.

जेवताना पाणी नाही. जेवणानंतर अर्धा तास थांबायचं. एक तर जागा नसते, दुसरं म्हणजे पाण्याबरोबर अन्न झटकन पुढं सरकतं आणि पोट भरल्याचं समाधान राहत नाही. पण दिवसभरात दीड लिटर तरी पाणी पोटात गेलं पाहिजे, तेही घोटाघोटानं, तांब्या वर करून नाही. एप्रिल-मे महिन्यात हे फार अवघड जातं. बाटली जवळ ठेवून दर पाच-दहा मिनिटांनी एक घोट, हाच उपाय. लघवी गडद पिवळी झाली की समजायचं कमी पडतंय. सोडा आणि कोल्ड्रिंक बंद, गॅसनं पोट फुगून कळा येतात.

अन्न अडकणं हा प्रकार नवीन असतो. छातीच्या मधोमध दगड ठेवल्यासारखं होतं, तोंडाला फेसाळ लाळ सुटते आणि मग खाल्लेलं वर येतं. कशानं होतं? पाव सगळ्यात वाईट, तो चावला की त्याचा गोळा होतो. वडापाववर वाढलेल्या माणसाला हे ऐकून वाईट वाटतं, मलाही वाटलं. तांदळाची भाकरी गार झाली की तिचंही तेच. सुकं मटण, कोंबडीचा छातीचा कोरडा तुकडा, त्यातले धागे अडकतात. मटण खायचंच तर खिम्यासारखं बारीक, मऊ शिजवलेलं, रश्शात. भात गिळायला सोपा वाटतो पण तो पोटात फुगतो, आणि सगळी जागा त्यानंच भरली की प्रोटीनला जागा उरत नाही.

म्हणून क्रम उलटा करायचा. आपण आधी भाताचा डोंगर करून त्यावर कालवण ओततो. या माणसानं आधी कालवणातली मासळी किंवा अंडं खायचं, मग भाजी, आणि पोटात जागा उरली तर शेवटी दोन चमचे भात. उरली नाही तर राहू दे.

गोडाचं वेगळं आहे. बायपास झालेल्यांनी जिलेबी, श्रीखंड, गुलाबजाम, उसाचा रस असं काही घेतलं तर साखर थेट आतड्यात उतरते. अर्ध्या तासात घाम, धडधड, चक्कर, पोटात मुरडा, जुलाब. काहींना दोन-तीन तासांनी रक्तातली साखर एकदम खाली जाऊन थरथर सुटते. स्लीव्हवाल्यांना हा त्रास कमी होतो, पण होत नाही असं नाही. आणि त्रास होत नाही म्हणून गोड खात राहणाऱ्याचं वजन परत येतं.

प्रोटीनचा हिशोब

दिवसाला साधारण साठ ते ऐंशी ग्रॅम प्रोटीन पोटात गेलं पाहिजे, नाहीतर चरबीबरोबर अंगातलं मांसही झडतं. डॉक्टर सांगतात, पण साठ ग्रॅम म्हणजे काय हे स्वयंपाकघरात कळत नाही. वहिनींच्या मुलीनं फ्रिजवर कागद चिकटवलाय, तो असा: पाव लिटर दूध म्हणजे ८ ग्रॅम, दोन अंडी १२, शंभर ग्रॅम मासळी १८, घट्ट डाळीची एक वाटी ६, पन्नास ग्रॅम पनीर ९, शंभर ग्रॅम दही ४. झाले सत्तावन्न. मूठभर फुटाणे, चावून चावून, की साठ पार. पाच-सहा वेळा थोडं थोडं करून हे बसतं. पहिल्या दोन-तीन महिन्यांत एवढं खाल्लं जात नाही, तेव्हा पावडर लागते. डब्याची किंमत बघून जीव दडपतो हे खरं आहे.

आपल्या भागाला एक सोय आहे, मासळी. ताजी मासळी मऊ असते, लवकर शिजते, अडकत नाही, फक्त काटा बघून काढायचा. सुकट-जवळ्यात प्रोटीन भरपूर, पण मीठही तेवढंच, प्रेशरवाल्यांनी धुऊन, कमीच घ्यावं. माळकरी घरांत डाळी, दूध, पनीर, सोयाबीनच्या वड्या यांवर भागतं. थोडं जास्त लक्ष द्यावं लागतं एवढंच.

गोळ्या जन्मभर

सगळ्यात जास्त चूक इथं होते. वजन उतरलं, शुगर गेली, माणूस म्हणतो आता मी बरा झालो, गोळ्या कशाला. पण अन्न कमी आणि आतड्यात शोषणही कमी, त्यामुळं लोह, बी-१२, कॅल्शियम, डी आणि मल्टिविटामिन हे कायमचं लागतं, मरेपर्यंत. बी-१२ कमी पडलं की हातपाय बधिर, विसरभोळेपणा. लोह कमी पडलं की धाप. ज्यांची पाळी चालू आहे त्या बायकांना लोहाची गरज जास्त. आणि हे कमी पडलेलं वर्ष-दोन वर्षं कळत नाही, कळतं तेव्हा बरंच नुकसान झालेलं असतं. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकत्र घ्यायची नाही, दोन तासांचं अंतर ठेवायचं. लोहाच्या गोळीवर चहा प्यायचा नाही. मेडिकलवाला "कॅल्शियम म्हणजे कॅल्शियमच" म्हणून दुसरी गोळी देतो, पण या माणसांना सायट्रेटवालीच चांगली शोषली जाते. चिठ्ठी दाखवून तीच मागावी.

तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस मूठमूठ गळतात. बायका फार घाबरतात. बहुतेकांचे परत येतात, प्रोटीन आणि लोह नीट असेल तर. तेल बदलून काही होत नाही.

शुगरच्या आणि प्रेशरच्या गोळ्यांचं मात्र उलटं आहे. ऑपरेशननंतर काही दिवसांतच साखर उतरायला लागते. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड जुन्याच मापात चालू ठेवलं तर साखर धोकादायक खाली जाते. प्रेशरची गोळी जुनीच राहिली तर उठताना अंधारी येते. स्वतःच्या मनानं बंदही करू नका आणि चालूही ठेवू नका, डॉक्टरांकडून माप बदलून घ्या.

आता गावाकडच्या सवयीबद्दल. अंग दुखलं, गुडघा दुखला की आपण मेडिकलमधून वेदनेची गोळी आणतो किंवा डायक्लोफेनॅकची सुई टोचून घेतो. वजनाच्या ऑपरेशननंतर, खास करून बायपासनंतर, या गोळ्या जोडाच्या जागी अल्सर करतात, त्यातून रक्तस्राव होतो. डांबरासारखी काळी शी झाली तर तो रक्ताचा इशारा असतो. दुखण्यावर साधी पॅरासिटामॉल चालते. तंबाखू, बिडी, मशेरी यांनीही ती जखम चिघळते. मशेरी लावणाऱ्या आमच्या बायकांना हे कोणी विचारतच नाही, आणि त्या सांगत नाहीत.

दारूचं स्पष्टच लिहितो. लहान पोटातून दारू झरझर रक्तात जाते. आधी चार पेगला जे व्हायचं ते एकाला होतं, आणि उतरायला वेळ लागतो. दुसरं, ज्यांचा जीव जेवणात रमायचा त्यांचं जेवण बंद झालं की काही जण बाटलीकडं वळतात. बायपासनंतर दारूचं व्यसन लागण्याचा धोका वाढतो हे डॉक्टरांनी अभ्यासातून दाखवलेलं आहे. गटारीला "एकच घे" म्हणणाऱ्या मित्रांनी हे वाचावं.

हळद, उपास आणि लोकांची तोंडं

आपल्याकडं हळदीला गेलेल्या पाहुण्यानं ताट नाकारलं तर यजमानाचा अपमान. वहिनींनी यावर तोडगा काढला: ताट घ्यायचंच नाही, वाटीत दोन तुकडे आणि रस्सा मागून घ्यायचा, आणि घरून खाऊन जायचं. तरी बोलणारे बोलतातच. चाळीस किलो उतरल्यावर चेहरा ओघळतो, कातडी लोंबते, तेव्हा "काय मोठा आजार झालाय का गं?" असं लोक तोंडावर विचारतात. काहींनी तर ऑपरेशन म्हणजे फसवणूक, मेहनत न करता बारीक झाली असंही म्हटलं. ज्यांनी तिचे ते चार महिने बघितलेत त्यांना विचारा मेहनत काय असते.

मनाचं दुखणंही असतं. सुखात, दुःखात, भांडणात खाण्याचा आधार होता, तो एका दिवसात जातो. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात रडू येणं, "कशाला केलं हे" असं वाटणं पुष्कळांना होतं. अशा वेळी घरच्यांनी भजी तळून समोर बसून खाऊ नये. आमच्याकडं दादांनी रात्रीचं जेवण वहिनींबरोबर अर्धा तास लावून जेवायला सुरुवात केली. त्यांचंही नऊ किलो कमी झालं, फुकटात.

उपासाचं विचाराल तर पहिलं वर्षभर कडक उपास नकोच. साबुदाण्याची खिचडी म्हणजे नुसता स्टार्च, तीही चिकट, अडकणारी. एकादशी मोडवत नसेल तर दूध, दही, ताक, राजगिरा, थोडं शेंगदाण्याचं कूट घ्यावं, आणि पाणी सोडू नये. भिवंडीत रोजे ठेवणारी घरं पुष्कळ आहेत. पाण्याशिवाय तेरा-चौदा तास हे ऑपरेशननंतरच्या पहिल्या वर्षात धोक्याचं आहे, पुढंही डॉक्टरांना विचारूनच. आजारी माणसाला रोजा माफ असतो.

लग्न झालेल्या तरुण मुलींसाठी महत्त्वाचं: वजन उतरलं की पाळी सुधारते आणि दिवस राहण्याची शक्यता एकदम वाढते. पण पहिलं वर्ष-दीड वर्ष गर्भ राहू देऊ नये, आईलाच पुरत नाही तर बाळाला काय मिळणार. बायपासनंतर गर्भनिरोधक गोळ्यांवर भरवसा ठेवू नये, दुसरं साधन डॉक्टरांकडून घ्यावं.

वजन भराभर उतरताना पित्ताशयात खडे होतात, जेवल्यावर उजव्या बरगडीखाली कळ आली तर सोनोग्राफी करावी. बायपास झालेल्याला तर चार-पाच वर्षांनीही पोटात अचानक मुरडून जबरदस्त कळ आली तर आतड्याला पीळ पडलेला असू शकतो. गॅस समजून ओवा खात बसायचं नाही.

करावं कोणी, पैसे कुठून

दहा-बारा किलो जास्त आहेत म्हणून हे ऑपरेशन करायचं नसतं. किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग, हा आकडा काढतात. २०२२ मध्ये जागतिक संघटनांनी ३५ च्या वर असेल तर ऑपरेशनची शिफारस केली, आणि आपल्यासारख्या आशियाई लोकांसाठी २७.५ पासून विचार करता येईल असं म्हटलं. विम्याचं माप वेगळं आहे. २०१९ च्या विमा नियामकाच्या नियमांप्रमाणे आकडा ४० किंवा जास्त, किंवा ३५ च्या वर असून सोबत हृदयविकार, आवाक्यात न येणारी शुगर, झोपेत श्वास अडकणं असे गंभीर आजार, आणि आधी साध्या उपायांनी वजन उतरलेलं नसणं, अशा अटी आहेत. पॉलिसीत थांबायचा काळ किती लिहिलाय तेही बघावं. खासगीत खर्च काही लाखांत जातो. हिशोब करताना त्यात पुढच्या गोळ्या, पावडर आणि रक्ततपासण्याही धरा, नाहीतर ऑपरेशनसाठी गुंठा विकायचा आणि गोळ्यांसाठी हात आखडायचा, असं होतं.

दीड-दोन वर्षांनी वजन उतरायचं थांबतं आणि थोडं वर येतं, ते बहुतेकांचं येतं. वहिनी ७४ पर्यंत आल्या होत्या, आता ७७ आहेत. फरसाण, बिस्किटं, दिवसभर थोडं थोडं तोंडात टाकणं, यानं ते येतं, हे त्या स्वतःच सांगतात. मऊ आणि कुरकुरीत गोष्टी लहान पोटातूनही सहज उतरतात. आता रोज पहाटे गावाच्या रस्त्यावर डंपर सुरू व्हायच्या आधी पाऊण तास चालतात.

पर्समध्ये डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स असते, मोबाइलमध्ये त्याचा फोटो. त्यावर ऑपरेशनचा प्रकार, तारीख आणि रुग्णालयाचा नंबर. वर मुलीनं लाल पेनानं लिहिलंय: वेदनेची सुई नको, ग्लुकोजच्या आधी बी-१. रक्ताची तपासणी पहिल्या वर्षी तीन, सहा आणि बारा महिन्यांनी झाली, आता वर्षातून एकदा. यंदाची लावणी उरकली की आहे.